गुणाजी घाडीची दोन इंजिनं

छप्पन सालच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत, गुणाजी घाडी पकडला गेला, तेव्हा त्याच्या हातात दगड होता की सुके बोंबील, यावरून लालबागेत दोन पक्ष होते. गुणाजी स्वतः दगडाच्या पक्षात. त्याची बायको शेवंती बोंबलांच्या पक्षात, आणि तिचं म्हणणं जास्त खरं असावं, कारण कर्फ्यूत त्याला बाहेर पिटाळलं होतं तिनेच. "घरात कालवणाक काय नाय," असं म्हणून. पोलिसांनी पंचनाम्यात काय लिहिलं कोण जाणे. गुणाजी तीन आठवडे आत बसला आणि बाहेर आला तो हार घालूनच. चाळीने मिरवणूक काढली. मिलने मात्र फिटर खात्यातून नाव काढलं. पुढारी भाषण करून घरी गेले आणि गुणाजी हार गळ्यात घेऊन बेकार झाला.

मग तो आमच्या धक्क्यावर आला. मी तेव्हा अपोलो बंदराजवळच्या एका बोटींच्या क्लबात कारकून होतो. साहेब लोक गेले होते, पण त्यांची हवा काही गेली नव्हती. आपलेच लोक पांढरी टोपी घालून "अहॉय" म्हणत आणि गेटवेच्या पायऱ्यांवर ओकत. अशांच्या बोटी सांभाळायला माणूस हवा होता. गुणाजी मूळचा आचऱ्याचा. बाप गलबतावर, मुलगा मिलमध्ये, म्हणजे समुद्र रक्तात आणि पाना हातात. वर्षभरात धक्क्यावर त्याचं नाव झालं. कुणाचं इंजिन खोकलं की हाक जायची, "घाड्याला बोलवा." आणि गुणाजी इंजिनाला कान लावून, डोळे मिटून, नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करून सांगायचा, "हेका मीठ लागलां."

त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे ठाकुरद्वारचे सॉलिसिटर मनमोहनराव धैर्यवान. आडनाव पूर्वजांनी कमावलेलं, यांनी नुसतं वापरलेलं. घर स्वतःचं, तीन मजली, मासळीशिवाय पान वाढलं जायचं नाही. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा मनमोहनरावांनीही दिली होती; माडीवरून, दिवा मालवून आणि खालचे भाडेकरू शेठ झोपल्याची खात्री करून. पण मनाने माणूस चांगला. पोहता येत नसताना बोट बाळगणं हा एवढाच त्यांचा पराक्रम.

त्यांची पहिली बोट लहानशी, सागवानी. तिच्या मागे आऊटबोर्ड लटकवलेलं, दहा घोड्यांचं. हे इंजिन गुणाजीचा जीव की प्राण. आऊटबोर्डाचं सुख असं, की ते सगळं बोटीच्या बाहेर असतं. दोन स्क्रू सैल केले की उचलायचं, खांद्यावर टाकायचं आणि चालू लागायचं. समुद्रातून आलं की गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे आतल्या नळ्यांत मीठ बसत नाही. मग पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि कोरड्या जागी टांगायचं. "बाळंतिणीसारखां जपूक होया," असं गुणाजी म्हणायचा, आणि जपायचाही.

उन्हाळ्यात क्लबाचं गोडं पाणी तोडलं जाई. मग गुणाजी काय करी? आऊटबोर्ड गोणपाटात गुंडाळून बोरीबंदरहून ट्रामने लालबागला नेई. कंडक्टरने एकदा हटकलं, "हे काय आहे?" गुणाजी म्हणाला, "पेशंट आहे. जागा द्या." चाळीच्या चौकात पिंप भरायचं म्हणजे नळावर रांग, आणि रांगेत चाळीतल्या समस्त बायका.

"काय रे गुणाजी, ही तुझी दुसरी का?"

"दुसरी असली तरी रांगेत उभी राहील. हंडा ठेव तिचा मागे!"

"ओ शेवंते, तुझी सवत आंघोळीला आली गो!"

शेवंती गॅलरीतून खाली बघायची. "आंघोळ घाला, आंघोळ घाला. माझ्या अंगाक कधी तेलाचां बोट लावलास नाय, तेका पायापासून चोळतास."

मग गुणाजी दोरी ओढायचा आणि चौकभर निळा धूर. पिंपातलं पाणी खवळून तळमजल्याच्या उंबऱ्यात. वरच्या मजल्यावरचे भजनी बुवा टाळ टाकून खाली शिव्या घालायला येत. एवढं सोसून ते आऊटबोर्ड चार वर्षं खाऱ्या पाण्यात चाललं आणि एकदा कुरकुरलं नाही. धक्क्यावर गुणाजीची जी काही पत होती ती या दहा घोड्यांवर बसून आलेली.

एकोणसाठच्या दिवाळीत एका तेल कंपनीच्या गोऱ्या साहेबाची बदली झाली, आणि जाताना त्याने आपली मोटरबोट मनमोहनरावांच्या गळ्यात मारली. पांढरी शुभ्र, लाल गादी, मोटारीसारखं चाक. तिचं इंजिन अगदी नव्या तऱ्हेचं, जगातच नुकतं निघालेलं. इंजिन बोटीच्या पोटात, आणि मागच्या फळीला भोक पाडून त्यातून अ‍ॅल्युमिनियमची एक तंगडी बाहेर पाण्यात सोडलेली. तंगडीच्या टोकाला पंखा. अर्धं आत, अर्धं बाहेर. साहेब त्याला इनबोर्ड-आऊटबोर्ड म्हणायचा.

गुणाजी बोटीभोवती तीनदा फिरला. वाकून तंगडी पाहिली. झाकण उघडून पोट पाहिलं. मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ह्यो म्हणजे घरजावई. खाता आतमदी बसान, नि तंगड्यो भायर!"

धक्क्यावर हशा पिकला. हसला नाही एकच माणूस. मनमोहनरावांचा जावई हेरंब, नेमका आमच्या मागे उभा. हेरंब वकील होता. लग्न झाल्यापासून बायकोसकट सासऱ्याच्याच तिसऱ्या मजल्यावर राहत होता, आणि "जागा बघतोय" असं सहा वर्षं सांगत होता. त्याने चष्मा पुसला. गुणाजीकडे असं पाहिलं, की मला तेव्हाच वाटलं, हे घाड्याला कधीतरी महागात पडणार.

मनमोहनरावांना गुणाजीने नीट समजावलं. "साहेब, आऊटबोर्ड आजारी पडला तर खांद्यावर टाकून नेता येतो. हा नेणार कसा? ह्याच्यासाठी डॉक्टरनेच पाण्यात उतरायला पाहिजे. समुद्राचं पाणी ह्याच्या पोटात फिरणार, मीठ आत बसणार, आणि आंघोळ घालायला पिंप केवढं लागेल? आणि ही तंगडी. ही चोवीस तास पाण्यात."

"गोरे लोक वेडे आहेत का?" मनमोहनराव म्हणाले.

"त्यांच्याकडे तळी असतात साहेब, गोडी. इथे काय आहे?"

पण लाल गादीपुढे गुणाजीचं कोण ऐकतो! मग इंजिनाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका मी त्याला वाचून दाखवली. म्हणजे जिथे चित्रं होती तेवढी पानं. तिच्यात एक गोष्ट होती ती गुणाजीला पटली. तंगडीच्या खाली जस्ताचा एक गठ्ठा बसवलेला असतो. खारं पाणी धातू खातं, पण आधी जस्त खातं. जस्त आहे तोवर अ‍ॅल्युमिनियमला हात लावत नाही. जस्त संपत आलं की नवं लावायचं. गुणाजी खूष झाला. "म्हणजे समुद्राक ठेवलेलो नैवेद्य! ह्यां गोऱ्याक कळलां, बरां झालां."

आता या गोष्टीत मोठ्या बाई येतात. मनमोहनरावांच्या आई यशोदाबाई. पंचाहत्तरीच्या, चणीने एवढ्याशा, पण ठाकुरद्वारच्या त्या घरात पंखाही त्यांना विचारून फिरायचा. मनमोहनराव कोर्टात न्यायाधीशाला उत्तर देत, घरात आईला फक्त "हो" देत. नवी बोट पाहायला बाई धक्क्यावर आल्या, मोटारीतून न उतरता पाहिलं, आणि म्हणाल्या, "नातवंडं या डबड्यात बसणार असतील तर आधी देवी बसेल. मग बाकीचे."

कुलदेवीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली मूर्ती, करून बोटीला लावायचं ठरलं. तोही कुठे वरच्या अंगाला नाही; पाण्याला आधी भिडते ती जागा देवीची, असं बाईंनी ठरवलं. बोट मागून पाण्यात सोडतात, म्हणजे ती जागा तंगडीच. आता टाक चांदीचा करावा की तांब्याचा? बाईंनी गुणाजीला बोलावून विचारलं. आणि इथे आमच्या गुणाजीने छाती पुढे काढली.

"तांबंच करा बाईसाहेब. आमच्याकडे गलबतांना खालून तांब्याचा पत्रा मारतात, खिळेसुद्धा तांब्याचे. माझ्या बापाच्या गलबताला होता. समुद्र तांब्याला हात लावत नाही. बिनधास्त करा."

तांबाकाट्यावरच्या कारागिराकडून तळहाताएवढा टाक घडवून आणला. गुणाजीने स्वतः, आंघोळ करून, उपाशीपोटी, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला तो चार तांब्याच्या रिबिटांनी ठोकला. असा पक्का, की चार गाढवांनी ओढलं तरी निघू नये. भटजी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, लाट आली की मंत्राऐवजी "आई गं" म्हणत. नारळ फुटला. बोट पाण्यात गेली.

आणि चमत्कार सुरू झाला.

दर पंधरा दिवसांनी गुणाजी तंगडी वर करून बघे. सगळ्या पायाला बारीक पांढरे खवले चिकटलेले, शेवाळ धरलेलं, पण देवी? बोटाने पुसावी तर लखलखीत! जशी काट्यावरून आली तशी. घरी देव्हाऱ्यातली तांब्याची पळी आठ दिवसांत काळी पडते, आणि ही अख्खा हिवाळा समुद्रात राहून उजळच. ही बातमी ठाकुरद्वारला पोचायला तास लागला नाही. मोठ्या बाई गाडीतून आल्या, या वेळी उतरल्या, हात जोडले. मग त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका आल्या. मग कुलाब्याच्या कोळणी टोपल्या बाजूला ठेवून दर्शन घेऊन गेल्या. मनमोहनराव क्लबात सांगत सुटले. एका पारशी मेंबराने चिंचेने घासता का म्हणून विचारलं, तर त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.

मात्र जस्त टिकेना. साहेबाने दिलेला पहिला गठ्ठा महिन्यात विरघळला. दुसरा तीन आठवड्यांत. पुस्तिकेत लिहिलं होतं की वर्ष जावं. परदेशातून मागवायची सोय नव्हती, आयात बंद. मग गुणाजीने चाळभर फिरून बॅटरीचे जुने सेल गोळा केले, त्यांची जस्ताची पुंगळी सोलून वितळवली आणि स्वतः गठ्ठे ओतले. तेही गेले. तो मला म्हणायचा, "भाऊ, ह्या दर्याक यंदा भूक लय लागल्या."

हेरंबने मात्र वेगळा हिशोब मांडला.

एप्रिल उजाडला. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार, हे नक्की झालं होतं. मुंबईत कमानी उभ्या राहत होत्या. मनमोहनरावांनी जाहीर करून टाकलं, की त्या दिवशी सगळं कुटुंब घेऊन, बोटीवर भगवा लावून, गेटवेहून निघून गिरगाव चौपाटीवर समुद्राकडून उतरणार. चार वर्षांपूर्वी माडीवर मालवलेला दिवा त्यांना असा एकदम पेटवायचा होता.

पाच एप्रिलला गुणाजीने गियरचं तेल तपासायला स्क्रू काढला, तर आतून पीयूष आलं. म्हणजे रंगाने. पिवळट, दुधाळ, घट्ट. तेलात समुद्र मिसळला होता. बोट धक्क्यावर ओढून घेतली. खवले खरवडले. देवीच्या चहूबाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची चाळण झाली होती. थेट मालवणी घावणा, तव्यावरून नुकता उचललेला, आणि त्याच्या मधोमध देवी, लखलखीत.

"हे बघा," हेरंब पुढे होऊन म्हणाला. कोर्टातला आवाज. "दिवाळीपासून पाच वेळा जस्त बदलल्याचं हा सांगतो. वर्षभर टिकणारी वस्तू महिन्यात संपते? समुद्राला एकाएकी काय झालं? जस्त लावलंच नाही, किंवा लावून रात्रीतून काढलं आणि भंगारात दिलं. बोट खलास. ही सरळ चोरी आहे."

गुणाजी म्हणजे इंजिनावरून कुणी काही बोललं की सात पिढ्या उद्धरणारा माणूस, पण "चोर" हा शब्द त्याला नवा होता. तो मनमोहनरावांकडे बघत राहिला. मनमोहनराव लाल गादीकडे बघत राहिले.

हेरंबने तिथल्या तिथे क्लबाला अर्ज लिहिला. क्लबाने गुणाजीचा फाटकाचा पास जमा करून घेतला आणि महिनाअखेर निकाल देऊ म्हटलं. निकाल विरुद्ध गेला तर मुंबई बंदरातल्या एकाही धक्क्यावर त्याला कुणी पाऊल टाकू देणार नव्हतं. बोटवाल्या मंडळींचं असं, की एकमेकांच्या बायकांविषयी माहीत नसेल, पण नोकरांविषयी सगळं माहीत.

दोन दिवस गुणाजी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. शेवंती कोळंबी सोलत बसली होती. गुणाजी भिंतीला टेकून, पुन्हा पुन्हा तेच. पाच गठ्ठे लावले, ह्या हाताने लावले, कुठे गेले? देवीला धक्का नाही, मग पायालाच काय झालं?

शेवंती कोळंबीवरून मान न उचलता म्हणाली, "माझो जर्मनचो टोप झालो तसां झाला असतला."

"टोपाचां काय काढतंस मधीच?"

"गेल्या शिमग्याक टोपाचो कान सुटलो, तेव्हा तुमीच तांब्याचो रिबिट मारलास. मी खारातले आंबे घातलंय तेच्यात. पंधरा दिवसांत रिबिटाभोवती चाळण. रिबिट मात्र तसोच, झगझगीत. मी सांगलंय तेव्हा, तर म्हणालास टोपच हलको होतो."

जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच की! गुणाजी हळूहळू सरळ बसला. माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. शेवंतीने पुढची कोळंबी सोलायला घेतली.

"टोप खंय असा?"

"भंगारात. आता माज्यो वाटयो मागू नकात."

वाट्या घेतल्याच त्याने. दोन जर्मनच्या वाट्या, दोन्हींत धक्क्यावरून मी आणून दिलेलं समुद्राचं पाणी. एकीत तांब्याचा तुकडा वाटीच्या अंगाला घट्ट लागेल असा बसवलेला, दुसरी मोकळी. गॅलरीत, कावळ्यांपासून जपून, बारा दिवस. मधल्या वेळात मी घरी जाऊन ती पुस्तिका पुन्हा काढली. चित्र नसलेल्या एका पानावर बारीक टाइपात छापलं होतं, की या पायाला तांबं असलेला रंगसुद्धा लावू नये. मी गुणाजीला तोंड दाखवायला दोन दिवस टाळलं. मग सांगितलं. त्याने जी शिवी घातली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण मालवणीत गोड वाटली.

बारा दिवसांनी मोकळी वाटी होती तशी. तांबं बसवलेल्या वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी साचलेली. दिव्यासमोर धरली तर सुईच्या टोकासारखी भोकं दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, सुटला गुणाजी. सुटतो कसला? चोर नाही हे सिद्ध करायचं तर मोठ्या बाईंना सांगायचं, की तुमच्या देवीने बोट खाल्ली. जिच्या दर्शनाला अर्धं गिरगाव येऊन गेलं, तिची झळाळी म्हणजे चमत्कार नव्हे. शेजारची तंगडी झिजत होती म्हणून ती उजळ राहत होती. हे कोण सांगणार?

शनिवारी गुणाजी आणि मी मनमोहनरावांच्या कचेरीत गेलो. त्यांनी दोन्ही वाट्या उजेडात धरल्या. माणूस हुशार, क्षणात समजला. आणि समजल्याबरोबर घामाघूम झाला.

"गुणाजी, आईला हे सांगायचं नाही."

"मग मी चोर राहू?"

"चोर वगैरे कोण म्हणतं! मी हेरंबला समजावीन, तो अर्ज दाबून ठेवील. तुझा पास परत मिळेल. तू पूर्वीसारखा ये. कुणी काही बोलणार नाही."

"बोलणार नाही, पण समजणार काय, साहेब?"

मनमोहनराव म्हणाले, "लोकांच्या समजण्याला काय करायचंय? आईची श्रद्धा आहे. आणि खरं सांगू, ती मला झोडपील."

चार वर्षं मी गुणाजीला ओळखत होतो, साहेबापुढे तो कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. वाट्या परत पंच्यात बांधल्या आणि म्हणाला, "उद्या रविवार. बाईसाहेब घरी असतील ना?"

रविवारी धैर्यवानांच्या घरी पानं मांडली होती. खरपूस भाजलेलं कोळंबीचं भानोलं, पापलेट, वासानेच माणूस कोर्टात कबुली देईल असा थाट. हेरंब आपल्या नेहमीच्या जागी, जावयाच्या पाटावर, बाह्या सारून बसलेला. गुणाजी दारातच उभा राहिला, त्याच्या मागे मी पुस्तिका घेऊन. यशोदाबाई आरामखुर्चीत.

"कोण? घाडी? जस्त परत आणलंस का?"

"नाही बाईसाहेब. जस्त समुद्राने खाल्लं. तंगडी पण त्यानेच खाल्ली. पण वाढली आपण." त्याने दोन्ही वाट्या त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. टोप, रिबिट, आंबे, काहीही न वगळता. मनमोहनराव खिडकीतून बाहेर, कुणीतरी हाक मारेल या आशेने बघत होते.

"म्हणजे माझ्या देवीने बोट खाल्ली म्हणतोस?"

"देवी नाही. तांबं."

"तांब्याचा करा, हे मला सांगितलं कुणी?"

"मीच."

"समुद्र तांब्याला हात लावत नाही, हे?"

"मीच. खोटं नाही बोललो. तांब्याला लावला नाही. शेजारच्याला लावला. माझ्या बापाचं गलबत लाकडाचं होतं बाईसाहेब. अ‍ॅल्युमिनियम मला कळलं नाही."

"आणि ठोकला कुणी?"

"मीच. चार रिबिटं." मग जरा थांबून म्हणाला, "मला मूर्ख म्हणा. ते खरं आहे. धक्क्यावर येऊन सगळ्यांसमोर म्हणा. पण चोर म्हणू नका."

यशोदाबाईंनी वाटी उचलली. डोळ्याजवळ नेली, उजेडाकडे धरली. त्या भोकांतून त्यांनी एकेकाकडे पाहिलं असावं, कारण वाटी आधी मुलाकडे वळली आणि मग जावयाकडे थांबली.

"मन्या, हे तुला कधी कळलं?"

मनमोहनरावांनी खिडकीलाच सांगितलं, "काल."

"आणि तू गप्प?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून या माणसाला चोर ठेवणार होतास? माझी देवी एवढी नाजूक आहे होय रे? दर मंगळवारी तिला मासे दाखवते मी. ती जर्मन खाईल कशाला?" एवढं म्हणून बाई अशा हसल्या, की खुर्ची करकरली. मग हसू थांबलं. "हेरंबराव, उठा. घाडीची माफी मागा."

आता हे सांगायला हवं, की त्या घरात जावयाला कुणी कधी "उठा" म्हटलं नव्हतं. जावयाने माफी मागायची म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवायचं. हेरंबच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं काढलं आणि आत घेतलं. हेरंब लाल झाला, उठला खरा, पण माफी मागायला नव्हे. ताडताड चालत गॅलरीत जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. जावई रुसला.

मन धरायला कुणी गेलं नाही. यशोदाबाई म्हणाल्या, "घाडी, हात धुऊन या पाटावर बस."

"मी? बाईसाहेब, मी चाळीतून जेवून..."

"खोटं बोलू नकोस. तुझी बायको म्हणे कालवण नसलं की कर्फ्यूतसुद्धा बाहेर काढते." ही बातमी बाईंपर्यंत कुणी पोचवली, याबद्दल मी काही बोलणार नाही.

गुणाजी जावयाच्या पाटावर बसला. हेरंबसाठी राखलेलं पापलेट त्याच्या पानात पडलं. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, इंजिनाला कान लावताना मिटायचा तसे. अर्ध्या तासाने भानोलं दुसऱ्यांदा फिरलं. वास गॅलरीत गेला. आणखी पाच मिनिटांनी हेरंब दारात येऊन, पापलेटाच्या दिशेने बघत म्हणाला, "घाडी, माझी चूक झाली. मी अर्ज मागे घेतो."

"बसा," गुणाजी म्हणाला. "मासळी थंड होता."

मग देवीचं काय? रिबिटं इतकी पक्की होती, की काढताना गुणाजीनेच स्वतःला शिव्या घातल्या. बाईंनी देवी घरच्या देव्हाऱ्यात घेतली; आठ दिवसांत इतर भांड्यांसारखी काळवंडली, आणि बाई तिला चिंचेने घासू लागल्या. एक मेला मनमोहनराव जुन्या सागवानी बोटीतून चौपाटीला गेले, मागे दहा घोड्यांचं आऊटबोर्ड. भगवा मोठा, बोट लहान. लोकांना वाटलं बुडणाऱ्याने मदत मागितली आहे. पण मोठ्या बाई पुढे बसल्या होत्या, त्यामुळे कुणी मोठ्याने हसलं नाही. नवी बोट पुढच्या पावसाळ्यात एका सिंधी गृहस्थाच्या गळ्यात गेली.

गुणाजीचा पास परत आला. चोरी हा शब्द धक्क्यावर पुन्हा ऐकू आला नाही. तांब्याची गोष्ट मात्र भाऊच्या धक्क्यापासून ससून डॉकपर्यंत गेली, आणि तीही गुणाजीने स्वतःच पसरवली. दोन जर्मनच्या वाट्या खिशात घालून हिंडायचा. कुणी नवी मोटरबोट आणली की तिच्या मालकाला आधी त्या दाखवायचा. खलाशी चेष्टा करत. एखादा लांबून ओरडे, "ए घाड्या! अ‍ॅल्युमिनियमला काय लावू रे, देवी की गणपती?"

गुणाजी पाना हलवत ओरडायचा, "तुझी अक्कल लाव मेल्या, ती कशाकच खाऊची नाय!"

मग हातातल्या इंजिनाला गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून दोरी ओढायचा, आणि पाणी सगळ्यांच्या अंगावर.